जावात फंक्शनल लिहिताय? या चुका टाळा

मार्च 2014 मध्ये जावा 8 आलं आणि लॅम्बडा (नाव न देता लिहिलेलं छोटं फंक्शन), स्ट्रीम (यादीतल्या घटकांवर ओळीने क्रिया करायची सोय) सगळ्यांच्या तोंडी बसले. तरी रिव्ह्यूला येणारा बराचसा 'फंक्शनल' (म्हणजे डेटा जागेवर न बदलता फंक्शनमधून नवा काढणारा) कोड जुनाच असतो, फक्त फॉर लूपच्या जागी फॉरईच. डेटा कोण, कुठे बदलतंय हे कुणी तपासलेलंच नसतं, आणि नेमकं तिथेच सगळं अडतं.

नेहमीचा घोळ म्हणजे फॉरईचमधून बाहेरच्या ॲरेलिस्टमध्ये ॲड करणं. एका थ्रेडवर (प्रोग्राममधल्या कामाच्या एका स्वतंत्र ओघात) हे बिनबोभाट चालतं. पुढे वेग हवा म्हणून कुणीतरी पॅरललस्ट्रीम (काम अनेक थ्रेडवर वाटणारा स्ट्रीम) करतं. मग आत हजार ऑर्डर गेल्या तरी बाहेर कधी हजार, कधी त्याहून कमी, कधी थेट एक्सेप्शन. ॲरेलिस्ट थ्रेडसेफ नाही. दोन थ्रेड एकाच जागी लिहितात आणि एकाची नोंद उडते. टेस्टमध्ये चार-पाचच ऑर्डर असल्यामुळे हे तिथे सहसा सापडतही नाही. सिंक्रोनाइज्डचं, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाचं, ठिगळ लावू नका. स्ट्रीमवर मॅप करा (प्रत्येक घटकातून नवा काढा), शेवटी टूलिस्टने (जावा 16 पासून) यादी घ्या. आणि पॅरललस्ट्रीममधून डेटाबेसला कॉल नकोच: एरवी असे सगळे स्ट्रीम एकच कॉमन पूल (थ्रेडचा सामायिक संच) वापरतात, एकाने अडवून धरला की बाकीचे ताटकळतात.

'रेकॉर्ड केलं, आता बदलणार नाही' हा गैरसमज त्याहून चिवट. रेकॉर्ड म्हणजे नुसता डेटा धरणारा छोटा क्लास. त्याचं फील्ड फायनल असतं, म्हणजे त्यात दुसरं काही ठेवता येत नाही, पण त्या फील्डमध्ये लिस्ट असेल तर तिच्यात कुणीही भर घालू शकतं. समजा, बिल नावाच्या रेकॉर्डमध्ये ओळींची ॲरेलिस्ट आहे आणि ते बिल हॅशमॅपची की (ज्यावरून नोंद शोधतात ती किल्ली) आहे. मागाहून एक ओळ वाढली की हॅशकोड (मॅप ज्यावरून नोंदीची जागा ठरवतो तो आकडा) बदलतो. डिबगरमध्ये बिल मॅपमध्ये दिसतंय आणि गेट मात्र नल देतंय! यात अख्खी दुपार जाते. कन्स्ट्रक्टरमध्येच लिस्ट.कॉपीऑफ वापरा. मात्र ओळ हाच बदलता येणारा ऑब्जेक्ट असेल, तर ही कॉपीही पुरत नाही.

स्टॅटिक मेथड लिहिली म्हणजे ती शुद्ध (त्याच इनपुटला नेहमी तेच उत्तर देणारी) झाली, असंही नाही. आत लोकलडेट.नाऊ असेल तर आर्थिक वर्ष काढणारी टेस्ट 31 मार्चला पास होते आणि 1 एप्रिलला फेल. तारीख पॅरामीटरमधून घ्या. ऑप्शनलवर (आत काही असेल किंवा नसेल असा डबा) न तपासता गेट मारणं हे तर नल तपासायला विसरण्यासारखंच.

याउलट, उत्साहाच्या भरात सगळे क्लास मोडीत काढणारेही भेटतात. पेमेंटचे नवे प्रकार सारखे येत असतील तर इंटरफेस आणि क्लासच बरे. प्रकार ठरलेले, म्हणजे रोख, कार्ड, यूपीआय, आणि त्यांच्यावरची कामंच वाढत असतील तर सील्ड इंटरफेस (ज्याचे प्रकार आधीच ठरवून दिलेले असतात) आणि जावा 21 चा पॅटर्न मॅचिंगवाला स्विच घ्या. नवा प्रकार आला की हाताळायचा राहिलेला प्रत्येक स्विच कंपाइलर दाखवून देतो. त्यात सवयीने डीफॉल्ट लिहू नका, नाहीतर कंपाइलर गप्प बसेल आणि नवा प्रकार मुकाट्याने डीफॉल्टमध्ये जाईल.