सायकलचं मीटर चुकीचा स्पीड दाखवतंय? नवीन घ्यायच्या आधी हे करून बघा

मागच्या महिन्यात पहाटे साडेपाचला आम्ही पाच-सहा जण खडकवासल्याला निघालो होतो, आणि सिग्नलला उभं असताना आमच्यातले एक काका, वय ६३, मीटरकडे बघत म्हणाले, "अरे, मी ४२ ने चाललोय." पाय जमिनीवर, ब्रेक दाबलेला आणि मीटरवर ४२. सगळ्यांचं हसून झालं मग मी म्हटलं काका, पुढचा लाइट जरा बंद करा. बंद केला, शून्य. चालू केला, परत ३८, ४२, मधेच ६०. काका तोपर्यंत दुकानात जाऊन नवीन मीटरचा भाव काढून आले होते! हा प्रकार ग्रुपमध्ये सारखा होतो, कुणाचा स्पीड शून्यावर अडकतो, कुणाचे किलोमीटर कमी भरतात, आणि दरवेळी मी फोनवर तेच तेच सांगत बसतो, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा, मीटरला स्पीड बिलकुल कळत नाही. त्याला कळतात फक्त चाकाचे फेरे. स्पोकला लावलेलं चुंबक सेन्सरसमोरून गेलं की एक फेरा, आणि एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते हा आकडा आपण सेटिंगमध्ये टाकलेला असतो, मिलीमीटरमध्ये. बाकी सगळा गुणाकार. २५ च्या स्पीडला पुढचं चाक सेकंदाला साधारण सव्वातीन वेळा फिरतं, तेवढं बिचारं मोजतं आणि सांगतं. म्हणजे बिघाड दोनच ठिकाणी असू शकतो, मोजणी चुकतेय नाहीतर गुणाकार चुकतोय. ओळखायचं कसं, तर गुणाकार चुकत असेल तर चूक रोज सारखीच येते, म्हणजे नेहमीच्या ५० किलोमीटरच्या राइडला दरवेळी ४८ च भरतात. मोजणी चुकत असेल तर आकडा उड्या मारतो, मधेच शून्य होतो, मधेच रेसिंगवाल्यांसारखा ७०. हे एवढं ठरवलं की अर्धं काम झालं, लोक हे न ठरवताच बॅटरी बदलत सुटतात.

गुणाकाराचं आधी घेऊ कारण ते घरबसल्या फुकटात होतं. बरीच मीटरं डब्यातून येतात तेव्हा त्यात आकडा असतो २०९६ किंवा त्याच्या आसपास, जो ७०० x २३ च्या बारीक रोडबाइक टायरचा आहे. आता आपल्याकडे किती जणांच्या सायकलला २३ चा टायर असतो? माझी हायब्रिड आहे, ७०० x ३८, तिचा आकडा २१८० च्या जवळ. दुकानातल्या पोराने मीटर लावून दिलं, चाक फिरवून दाखवलं, स्पीड आला, पैसे दिले, घरी आलो. सहा महिने मी तसंच चालवलं आणि १०० किलोमीटर मारून आलो तरी मीटर ९६ दाखवायचं, ते चार किलोमीटर कुठे गेले म्हणून मी मित्राच्या मीटरवर संशय घेत होतो.

तुमच्या टायरच्या कडेला साइज छापलेली असते ती बघा. २५-६२२ असं काहीतरी असेल तर पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलीमीटरमध्ये. ६२२ म्हणजे ७००सी, २९ इंचीपण तीच, ५८४ म्हणजे साडेसत्तावीस, ५५९ म्हणजे जुनी २६ इंची एमटीबी. वापरात दिसणारे आकडे सांगतो: ७०० x २५ ला २१०५, २८ ला २१३६, ३२ ला २१५५, ३५ ला २१६८, २६ x १.९५ ला २०५०, आणि २९ x २.१ ला २२८८. टायर बदलला की हा आकडा बदलायचा, हे मात्र शंभरातले नव्वद जण विसरतात, मीपण विसरलोय.

तक्त्यातला आकडा चालतो पण खरा आकडा काढायला दहा मिनिटं लागतात. पार्किंगमध्ये सपाट जागा बघा, हवा नेहमीसारखी भरा, पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर खाली जमिनीकडे आणा आणि तिथे खडूने रेघ मारा. मग सायकलवर बसा, हो बसायचंच, कारण तुमच्या वजनाने टायर दबतो आणि फेरा काही मिलीमीटरने कमी होतो, मी नुसती हातात धरून ढकलत मापली होती तेव्हा जास्त आला होता. कुणालातरी बाजूने धरायला सांगा आणि सरळ रेषेत पुढे न्या, व्हॉल्व्ह तीनदा खाली येईपर्यंत. तिथे दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर टेपने मोजा, तीनने भागा. एकच फेरा घेतला तर खडूच्या रेघेचीच चूक आकड्यात येते, तीनमध्ये ती वाटली जाते.

आणि ज्यांना पार्किंगमध्ये बायको-पोरांसमोर हे उद्योग करायची लाज वाटते त्यांच्यासाठी दुसरा मार्ग, रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड. नॅशनल हायवेचे पिवळ्या डोक्याचे, स्टेट हायवेचे हिरव्या. एका दगडाशी ट्रिप शून्य करा, पाच दगड सरळ चालवा, मीटर बघा. माझं ४.८१ आलं होतं. मग जुना आकडा गुणिले खरं अंतर भागिले मीटरवरचं अंतर, म्हणजे २०९६ x ५ ÷ ४.८१, आला २१७९. तक्त्यात २१८०, बघा किती जवळ. फक्त एका दगडावर विसंबू नका, रस्ता रुंद करताना दगड उपटून परत कुठेही रोवलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. आणि शेजारून मित्राची स्कूटर चालवून "बघ मी ३० ने चाललोय" हे तर अजिबात नको, गाड्यांचे स्पीडोमीटर मुद्दाम थोडं जास्त दाखवतात, कमी दाखवायची त्यांना परवानगीच नसते.

याच्यातच अजून एक गंमत. स्पीड साधारण निम्म्यापेक्षा थोडा जास्त दिसत असेल, म्हणजे तुम्ही २५ ने जाताय आणि मीटर १५-१६ म्हणतंय, तर काही बिघडलेलं नाही, मीटर मैलांत आहे. सेटिंगमध्ये जाऊन किमी करा. आणि बरोबर दुप्पट दिसत असेल तर चाकात बघा, जुन्या मीटरचं चुंबक दुसऱ्या स्पोकवर अजून तसंच असेल. सेकंडहँड सायकल घेतलेल्यांनी हे आधी तपासा.

आता मोजणी. सेन्सरच्या प्लास्टिकच्या आत काचेची बारीक नळी असते, तिच्यात पत्र्याच्या दोन पट्ट्या, चुंबक जवळ आलं की चिकटतात, लांब गेलं की सुटतात. सेन्सर काढून कानाशी धरा आणि चुंबक हळूहळू जवळ न्या, शांत खोलीत अगदी बारीक टिक् ऐकू येतं. येत असेल तर सेन्सर जिवंत आहे. मग चिमट्यावर (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कवर) परत लावताना चुंबक आणि सेन्सरमध्ये ५ मिलीमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नका, आणि चुंबक सेन्सरवरच्या खुणेच्या समोरूनच गेलं पाहिजे, वर-खाली नाही. चिमट्यावर वर लावा की खाली, स्पीडला काही फरक पडत नाही कारण फेरा तो फेराच, त्यामुळे जिथे स्पोक चिमट्याच्या जास्त जवळ येतो ती जागा निवडायची. झिप टाय कचकन ओढा, सैल राहिला की खड्ड्याखड्ड्याने सेन्सर फिरत फिरत मागे जातो आणि बोपदेव घाटाच्या उतारावर, जिथे खरं मीटर बघायला मजा येते, नेमका तिथेच शून्य. हळू चालवताना बरोबर आणि जोरात गेलं की शून्य असेल तर ९९ टक्के हीच फट, फट मोठी असेल तर चुंबकाचा जो काही परिणाम होतो तो जोरात फिरताना फार थोडा वेळ टिकतो आणि पट्ट्या चिकटायच्या आत चुंबक निघून जातं.

वायरवालं मीटर असेल तर तपासणं फार सोपंय. मीटर स्टँडवरून काढा, मागे दोन धातूचे ठिपके असतात, एखाद्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने किंवा सेफ्टी पिनने ते दोन्ही एकदम टक-टक-टक जोडत रहा. स्पीड आला तर मीटर ठीक, दोष खाली वायरमध्ये किंवा सेन्सरमध्ये. ठिपके काळे पडले असतील तर खोडरबरने घासा, पावसाळ्यानंतर माझं दरवर्षी एवढ्यानेच चालू होतं. वायर तुटते ती बहुतेक हँडल वळतं तिथे, म्हणून उभ्या उभ्या पुढचं चाक उचलून फिरवा आणि हँडल डावी-उजवी करा, एका बाजूला वळवल्यावर शून्य झालं की सापडला चोर.

वायरलेसमध्ये दोन जाती. जुनी साधी, जिच्यात सेन्सर कुठलाही कोड न पाठवता नुसता ठोका पाठवतो, रेंज साधारण ६० ते ७० सेंटीमीटर, त्यामुळे उंच फ्रेमवर सेन्सर फार खाली लावला तर पोचतच नाही. आणि कोड नसल्यामुळे आजूबाजूचा कुठलाही विजेचा कचरा तिला ठोका वाटतो. काकांचं तेच झालं होतं, ऑनलाइन घेतलेला स्वस्तातला एलईडी लाइट मीटरला चिकटून लावलेला, त्याच्या आतलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतं, त्याचा गोंगाट मीटरने फेरे म्हणून मोजला. लाइट हँडलच्या दुसऱ्या टोकाला नेला, मीटर स्टेमवर (हँडल धरून ठेवणाऱ्या दांडीवर) आणलं, प्रश्न मिटला. हाय टेन्शन तारांखालूनसुद्धा काही मीटरं अशी वेडावतात, तिथून पुढे गेलं की आपोआप शुद्धीवर येतात.

दुसरी जात ब्लूटूथ आणि अँट प्लसची, अँट प्लस म्हणजे सेन्सर जोडायची ब्लूटूथसारखीच दुसरी वायरलेस पद्धत. हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, रबराने अडकवायचा सेन्सर, चुंबकच नाही. हा झोपलेला असतो, चाक फिरवल्याशिवाय जागाच होत नाही, आणि लोक सायकल भिंतीला टेकवून "सापडत नाही, सापडत नाही" करतात. आधी चाक फिरवा मग शोधा. तरीही सापडत नसेल तर फोन बघा. अँट प्लसवर सेन्सर रेडिओ स्टेशनसारखा सगळ्यांना ऐकू जातो, पण ब्लूटूथवर बरेच सेन्सर एका वेळी एकाशीच बोलतात, आणि तुमच्या फोनमधल्या कुठल्यातरी अ‍ॅपने त्याला आधीच धरून ठेवलेलं असतं. फोनचं ब्लूटूथ बंद करा, मीटरला जोडा. घरी ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) मागचं चाक फिरवताय आणि सेन्सर पुढच्या हबला, तर शून्यच येणार, यात मीटरची चूक नाही.

सेन्सरच नाही, नुसतं जीपीएस, मग तो फोन असो की मीटर, तर इथे फेरे मोजणं नाही, जागा बघून हिशोब आहे, त्यामुळे वरचं काहीच लागू नाही. बोगद्यात, दाट झाडीत, उंच बिल्डिंगांच्या गल्लीत आकडा डोलणारच. मॅक्स स्पीड ९४ आला म्हणून स्क्रीनशॉट टाकू नका, जीपीएसने उडी मारलीय. घाटात उलटं होतं, काही मीटरं मेमरी वाचवायला दर काही सेकंदांनी एकच ठिपका घेतात आणि ठिपके सरळ जोडतात, त्यामुळे हेअरपिन वळणं कापली जातात आणि अंतर कमी भरतं. रेकॉर्डिंग दर सेकंदाला करा. फोनवर राइड मधेच तुटत असेल तर बॅटरी सेव्हर अ‍ॅपला मारतोय, त्या अ‍ॅपचं बॅटरी बंधन काढा आणि लोकेशनची परवानगी नीट बघा.

ऑटो-पॉज, म्हणजे सायकल थांबली की मीटरने आपोआप मोजणं थांबवणं, त्याबद्दल सांगतोच. सिंहगड चढताना आमच्यासारखे ६-७ ने जातात, मीटरला वाटतं हा थांबला, ते पॉज होतं, परत चालू, परत पॉज. चढाला बंद ठेवा. आणि तुमचा अ‍ॅव्हरेज मित्रापेक्षा कमी का, याचंही उत्तर बहुतेक वेळा यातच आहे, ४० किलोमीटर दोन तासांत म्हणजे २०, पण मधला अर्ध्या तासाचा पोह्यांचा ब्रेक धरला की त्याच राइडचा १६. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब राइड, करणाऱ्यांना मात्र पोहे धरूनच हिशोब करावा लागतो, २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात ते घड्याळाचे, आणि मीटर ३ टक्के कमी दाखवत असेल तर रूट शीटवरचं शेवटाकडचं वळण मीटरवरच्या आकड्याच्या ६ किलोमीटर आधी येऊन मागे पडलेलं असतं.

बॅटरी शेवटी ठेवली कारण सगळे तिथूनच सुरू करतात. बहुतेक सीआर२०३२, तीन व्होल्टची, स्क्रीन फिकट झाली किंवा रेंज कमी झाली की बदला, आणि वायरलेसमध्ये मीटरची वेगळी आणि सेन्सरची वेगळी हे विसरू नका. पण झाकण उघडायच्या आधी ओडोचा, म्हणजे आजवरच्या एकूण किलोमीटरचा, फोटो काढा आणि चाकाचा आकडा लिहून घ्या, कारण बॅटरी निघाली की बऱ्याच मीटरांत दोन्ही पुसतं आणि ते गुपचूप परत २०९६ वर जातं. ओडो काही मीटरांत हाताने टाकता येतो, काहींत नाही. मी माझा आकडा सीटपोस्टवर खाली, सीट काढली तरच दिसेल असा, मार्करने लिहून ठेवलाय. २१७९.