टी-वन, टी-टू आणि पुढचं: एमआरआयच्या नव्या टेक्निशियनसाठी

लातूर, नांदेडकडच्या सेंटरवर नव्यानं लागलेली पोरं प्रोटोकॉल तोंडपाठ करतात, पण टीआर (एका पल्सपासून पुढच्या पल्सपर्यंतचा वेळ) बदलला तर चित्रात काय बदलेल हे विचारलं की अडखळतात. सुरुवात तिथूनच करा.

१.५ टेस्लाच्या मशीनवर स्पिन इको या साध्या सिक्वेन्समध्ये टीआर ४०० ते ६०० आणि टीई (पल्सपासून सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) १० ते २० मिलिसेकंद ठेवला की टी-वन चित्र: चरबी पांढरी, पाणी काळं. टीआर ३०००च्या पुढे आणि टीई ९०-१०० केला की टी-टू, पाणी पांढरं. टीआर लांब, टीई आखूड म्हणजे प्रोटॉन डेन्सिटी; गुडघ्याला ती लागतेच.

सगळ्या स्लाइस एका टीआरमध्ये बसत नाहीत म्हणून टी-वनचा टीआर ९००वर नेण्याची सवय वाईट. स्लाइस बसतात, पण ग्रे आणि व्हाईट मॅटरमधला फरक धुऊन जातो. त्यापेक्षा ४५०ची दोन कॉन्कॅटिनेशन करा, म्हणजे स्लाइस दोन गटांत वाटून घ्या. वेळ तेवढाच, कॉन्ट्रास्ट शाबूत.

फ्लेअर सिक्वेन्समध्ये टीआय (सुरुवातीच्या उलट्या पल्सनंतर थांबायचा वेळ) साधारण २२०० ते २५०० मिलिसेकंद, म्हणजे मेंदूभोवतालचं पाणी दबतं. स्टर (STIR) सिक्वेन्समध्ये १५० ते १७०, तिथं चरबी दबते. गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्टचं औषध दिल्यावर मात्र स्टर घेऊ नका. औषध घेतलेल्या गाठीचा टी-वन वेळ चरबीच्या जवळ येतो आणि चरबीसोबत गाठही काळी पडते. तिथं फॅट सॅच (चरबीचा सिग्नल तिच्या फ्रीक्वेन्सीवर दाबलेला) टी-वनच घ्यायचा. मानेत फॅट सॅच असमान येतं, मग डिक्सन लावा: एकाच रनमध्ये इन-फेज, आउट-फेज, पाणी आणि चरबी अशी चार चित्रं. पाणी-चरबीची अदलाबदल झाली नाही ना, तेवढं तपासा.

डिफ्युजनमध्ये, म्हणजे पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, बी १०००च्या चित्रावर पांढरं दिसलं की लगेच स्ट्रोक म्हणू नका. त्या हालचालीचं मोजमाप दाखवणाऱ्या एडीसी चित्रावर तीच जागा काळी हवी. तिथंही पांढरी असेल तर तो टी-टूचाच उजेड आहे. एसडब्ल्यूआय सिक्वेन्सवर चुना (कॅल्शियम) आणि रक्त दोन्ही काळे, फरक फेज इमेजवर कळतो. पण कंपनीनुसार फेजची खूण उलटी असते, म्हणून आधी शिरा कशा दिसतात ते बघून घ्या, रक्त तसंच दिसतं.

पेशंट हलणारा असेल तर डिफ्युजन पहिलं, ते मिनिट-दोन मिनिटांत उरकतं. मानेच्या स्कॅनला आधीच सांगा, "मावशी, ठकठक चालू असेपर्यंत गिळू नका, थांबली की गिळा." जोडवी, करदोडा, ताईत बाहेरच काढून घ्या. लोखंडी ताईत आत नेणं धोक्याचं आहेच, शिवाय कमरेच्या स्कॅनमध्ये फॅट सॅच नेमकं तिथंच फसतं.