क्लबातलं जुनं माणूस गेल्यावर या चुका टाळा

तालुक्याच्या बुद्धिबळ क्लबाचा सेक्रेटरी म्हणजे खेळणारा कमी आणि सतरंज्या उचलणारा जास्त. त्यामुळे शोकसभाही माझ्याच गळ्यात पडतात. क्लबातलं जुनं माणूस म्हणजे आमचे काका; त्यांची झाली, त्याआधी शेजारच्या दोन-तीन क्लबांच्या पाहिल्या. माणसं वेगळी, घोळ तेच.

पहिला घोळ फ्लेक्सवरच असतो. ‘बुद्धिबळाच्या पटावरचा वजीर हरपला’ हे लिहू नका, एवढंच सांगतो. पण चित्राबद्दल जरा बोलायला हवं. डिझायनर नेटवरून पट उचलतो, त्यात उजव्या हाताच्या कोपऱ्यात काळं घर असतं. ज्या माणसानं शेकडो पोरांना ‘उजवा हात पांढरा’ म्हणून पट मांडायला शिकवलं, त्याच्याच फोटोखाली चुकीचा पट! वर शोभेला एक आडवा पडलेला राजा. अरे बाबांनो, राजा आडवा करणं म्हणजे डाव सोडणं. आमचे काका एक प्यादं उरलं तरी मात होईपर्यंत खेळायचे, समोरचा कंटाळून पाणी प्यायला जायचा. फ्लेक्स छापायला देण्याआधी मी आता एका दहा वर्षांच्या पोराला दाखवतो. मोठे लोक ‘छान आहे’ म्हणतात, पोरगं चूक काढतं.

आता माझ्या खास रागाचा विषय: जुन्या वह्या. काकांनी चाळीसेक वर्षांचे डाव दोनशे पानी वह्यांत लिहून ठेवले होते, सगळे जुन्या पद्धतीनं. फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, १९८१ पासून अल्जिब्रिक पद्धतच धरली, जिच्यात प्रत्येक घराला ई४ सारखं एकच नाव असतं, पण काकांनी हात बदलला नाही. घो, उं, ह, व अशी मराठी अक्षरं आणि पुढे आकडा. काकांच्या या जुन्या पद्धतीत प्रत्येकजण घरं आपल्या बाजूनं मोजतो, त्यामुळे एकाच घराला दोन नावं पडतात. ‘रा४’ म्हणजे राजाच्या उभ्या रांगेतलं चौथं घर; पांढऱ्याचं ‘रा४’ म्हणजे ई४, काळ्याचं ‘रा४’ म्हणजे ई५.

स्मरणिकेसाठी काकांचा सगळ्यात आवडता डाव निवडला आणि कॉम्प्युटरवर चढवायचं काम एका हुशार पोराला दिलं. हुशार खरंच, पण घाई फार. सुरुवातीच्या खेळ्या त्यानं बरोबर उलटवल्या. मग आली काळ्याची ‘ह-रा७’. म्हणजे काळ्याकडून खेळणाऱ्या काकांचा हत्ती ई२ वर, पांढऱ्याच्या पोटात घुसला होता. पोरानं सरळ ई७ लिहिलं. तिथेही हत्ती नियमानं जाऊ शकत होता, त्यामुळे कॉम्प्युटर गप्प. पुढची खेळी ‘ह×प्या’, म्हणजे हत्तीनं प्यादं मारलं. ई७ वरून मारायला प्यादंच नाही, म्हणून कॉम्प्युटर अडला. आता माणूस काय करेल? मागे जाऊन बघेल. या पोरानं ठरवलं की काकांचंच लिहिताना चुकलं, डाव तिथेच तोडला आणि खाली टाकलं, ‘येथे पांढऱ्याने डाव सोडला.’

दोनशे प्रती छापल्या. आणि पांढऱ्याकडून खेळलेले गृहस्थ शोकसभेत दुसऱ्या रांगेत बसलेले! स्मरणिका उघडून, चष्मा वर करून ते मोठ्यानं म्हणाले, “अहो, हत्ती परत घरी गेला म्हणून मी डाव सोडला? मी काय वेडा आहे?” लोक हसले. मी मेलो.

तेव्हापासून माझी सवय अशी: खरा पट, खरी मोहरी, दोन माणसं. एकानं वही वाचायची, दुसऱ्यानं खेळायचं. काळ्याची खेळी आली की मी उठून समोरच्या खुर्चीवर जाऊन बसतो आणि तिथून घर मोजतो. चाळीस खेळ्यांच्या डावात चाळीसदा उठबस होते. होऊ दे. हे सगळं फोनवर दहा मिनिटांत होतं असं सांगणाऱ्यांची स्मरणिका मी पाहिलेली आहे. आणि कृपा करून डाव इंजिनाला, म्हणजे चुका काढणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामला, दाखवून ‘१७वी खेळी चूक’ असं खाली छापू नका. तुम्हाला कोणी विचारलं होतं?

वह्या मागायला तेराव्याला जाऊ नये, पण दिवाळीच्या सफाईपर्यंत थांबलात तर रद्दीवाल्याकडे जावं लागेल. मी महिन्याभरानं जातो, झेरॉक्स काढतो, मूळ वही घरच्यांना परत देतो.

ग्रँडमास्टरशी बरोबरी केली असेल तर ती तो एकटा वीस जणांशी एकाच वेळी खेळत असलेल्या प्रदर्शनी सामन्यात केली, हेही लिहा. त्यात कमीपणा नाही.

‘खेळता खेळता गेले’ ही कथा बनवू नका. क्युबाचा जुना विश्वविजेता कापाब्लांका, त्याच्याबद्दलही लोक असंच सांगतात. ७ मार्च १९४२ ला न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन चेस क्लबात तो कोसळला हे खरं, पण तो खेळत नव्हता, दुसऱ्यांचा डाव बघत गप्पा मारत होता. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात वारला. मला तर हेच जास्त क्लबातलं वाटतं.

आणि स्मृती स्पर्धा. शोकसभेत डोळ्यांत पाणी असताना ‘दरवर्षी भव्य’ अशी घोषणा करू नका. क्युबात कापाब्लांकाच्या नावानं १९६२ पासून स्पर्धा होते, पण तिथे मागे सरकार उभं होतं. आपल्यामागे डेअरीवाल्याची पाचशेची पावती आहे. रेटिंगची, म्हणजे खेळाडूंचे अधिकृत गुण ठरवणाऱ्या स्पर्धेची, मंजुरी हातात येण्याआधी पत्रकावर ‘रेटिंग’ छापू नका. आमच्या पहिल्या वर्षी नऊची फेरी पाहुण्यांच्या भाषणांमुळे साडेअकराला लागली, सात फेऱ्यांच्या पाचच कराव्या लागल्या, आणि बिचारी पोरं वडापावाची वाट बघत बसली. काका असते तर नऊला पाच कमी असताना घड्याळं लावून मोकळे झाले असते, पाहुणा येवो न येवो. आता आम्ही आधी खेळतो, भाषण बक्षिसांच्या वेळी, तेही एकच. पहिली खेळी घरच्यांकडून करवून घेतो, पण कुठलं प्यादं ते आधी कानात सांगतो. एकदा कौतुकानं उंटच उचलला होता.

शेवटची चूक आमचीच. माणूस नेमकं काय काय करत होता, हे कोणी विचारलंच नव्हतं. लाइटबिल कोण भरायचं, चावीची घड्याळं कोण तेल घालून ठेवायचं, मोडक्या घोड्याचं डोकं कोण फेविकॉलनं चिकटवायचं. शोकसभेत सात जण बोलले, त्यांच्या त्यागाबद्दल. पुढच्या रविवारी सगळे क्लबाच्या जिन्यात उभे, कारण कुलपाची किल्ली काकांच्या खुंटीवर. ती मागायला काकूंकडे कोणी जायचं यावर अर्धा तास गेला. शेवटी तो स्मरणिकेवाला पोरगाच गेला.