दीड इंची सिक्लिड ओळखायचं कसं? टाकीवरची चिठ्ठी विसरा, मासा पाहा

सिक्लिड हे माशांचं एक मोठं कुळ, त्यातल्या बऱ्याच जाती शोभेसाठी पाळल्या जातात; इलेक्ट्रिक यलो ही त्यातलीच एक. 'इलेक्ट्रिक यलो' अशी चिठ्ठी लावलेल्या टाकीत पिवळी पिल्लं असतात, एवढंच त्या चिठ्ठीवरून ठरतं. ती इलेक्ट्रिक यलोच आहेत की नाहीत, हे सांगायची जबाबदारी चिठ्ठी घेत नाही. 'मिक्स आफ्रिकन' या पाटीखाली तर काहीही निघू शकतं: तीन इंचांवर थांबणारा मासा आणि दहा इंचांचा शिकारी, दोन्ही एकाच भावात.

यात दरवेळी फसवणूकच असते असं नाही. आफ्रिकेतल्या मालावी सरोवरातल्या बहुतेक सिक्लिड माद्या अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतात. फार्मवर वेगवेगळ्या माद्यांच्या तोंडातून काढलेली पिल्लं जागेअभावी एकाच टाकीत जातात. पुढे चेन्नईचं कोळत्तूर असो वा कोलकाता, माल पिशवीत भरून निघतो, ठोक व्यापाऱ्याकडे पिशव्या फुटतात आणि कुर्ल्याच्या किंवा पुण्याच्या दुकानात पोहोचेपर्यंत नाव दोन-तीन तोंडांतून फिरलेलं असतं. दुकानदाराला जे सांगितलं, ते तो आपल्याला सांगतो.

म्हणून पहिली गोष्ट. दुकानात उभं राहून नेमकी जात ठरवायचा हट्ट धरू नका. तिथे गट ठरवायचा: मासा कुठल्या भागातला, केवढा होणार, किती भांडखोर. एवढं कळलं की विकत घ्यावा की नाही याचा निर्णय होतो. नेमकी जात घरी, मासा वाढताना कळते.

पायरी १: आधी उजेड आणि माशाची तब्येत बघा

बऱ्याच दुकानांत निळसर एलईडी लावलेले असतात. त्यात फिका पिवळाही झगझगतो आणि राखाडी मासा निळा वाटतो. दुकानदाराला पांढरा दिवा लावायला सांगा, नाहीतर मोबाइलचा टॉर्च बाजूने मारा. नुकताच पिशवीतून काढलेला, घाबरलेला किंवा मोठ्या माशाकडून मार खाणारा सिक्लिड रंग टाकतो. एरवी न दिसणारे पट्टेही अंगावर उमटवतो. माल आजच आला असेल तर दोन दिवसांनी पुन्हा जा. चांगला दुकानदार याचा राग मानत नाही.

पायरी २: नाकपुडी आणि काटे

सिक्लिडला डोक्याच्या प्रत्येक बाजूला एकच नाकपुडी असते. इतर बहुतेक माशांना दोन-दोन असतात. शिवाय अंगावरून जाणारी पार्श्वरेषा, म्हणजे बारीक छिद्रांची रेघ, सलग नसते, मागच्या बाजूला ती तुटून खाली उतरते. मासा सिक्लिडच आहे ना, एवढं यावरून ठरतं.

खरी उपयोगाची खूण आहे गुदपर, म्हणजे पोटाखाली शेपटीकडे असलेला पर. त्याच्या पुढच्या बाजूला ताठ, न फाटलेले काटे असतात आणि मागे मऊ, टोकाला फाटणारे किरण. काटे मोजा. नुसत्या डोळ्यांनी जमणार नाही. मासा पाण्यासकट पारदर्शक चौकोनी डब्यात घ्यायला सांगा, बाजूने फोटो काढा आणि मोठा करून बघा. मालावीच्या माशांना असे काटे साधारण ३ असतात. जॅक डेम्प्सी, कॉन्व्हिक्ट, रेड डेव्हिल, जग्वार अशा मध्य अमेरिकेतल्या बहुतेक सिक्लिडना ५ किंवा त्याहून जास्त. दक्षिण अमेरिकेत सरमिसळ आहे: ऑस्कर आणि ग्रीन टेररला ३, सेवेरमला त्याच्या दुप्पट किंवा जास्त.

काटे १२ किंवा त्याहून अधिक निघाले तर बहुधा तुमच्या हातात आपल्याकडचाच सिक्लिड आहे. भारताचे स्वतःचे सिक्लिड तीनच: गोव्यात आणि कोकणात खाल्ला जाणारा काळुंदर, म्हणजे पर्लस्पॉट, ऑरेंज क्रोमाइड, आणि कर्नाटकातला कॅनरा पर्लस्पॉट.

आणखी एक ओळखीचा मासा या टाक्यांत घुसतो, तो म्हणजे चिलापी. उजनीच्या काठावर तळून मिळणारी चिलापी हाही आफ्रिकेतून आणलेला सिक्लिडच. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ मध्ये आली. पिल्लू राखाडी असतं, अंगावर पुसट उभे पट्टे, आणि पाठीच्या पराच्या मागच्या मऊ भागात एक ठसठशीत काळा ठिपका. हा ठिपका असलेलं करडं पिल्लू 'आफ्रिकन' म्हणून मिळालं, तर नाव खोटं नाही, पण पैसे मात्र वाया गेले.

पायरी ३: पट्टे उभे की आडवे

रंग बदलतो, पट्ट्यांची दिशा सहसा बदलत नाही. डोक्यापासून शेपटीकडे जाणारे ठळक आडवे पट्टे दिसले तर मालावीचा ऑराटस, मैंगानो किंवा त्यांच्या नात्यातला मासा समजा. पाठीकडून पोटाकडे उतरणारे उभे पट्टे असतील तर केन्यी, डेमासोनी, झेब्रा यांच्याकडे बघा. दोन्ही दिशांचे पट्टे एकाच अंगावर अर्धवट, तुटक दिसत असतील तर संकराचा संशय घ्या.

ऑराटसचं पिल्लू ओळखायला सर्वांत सोपं आणि घ्यायला सर्वांत महाग पडणारं. सोनेरी पिवळं अंग, त्यावर पांढऱ्या कडांचे काळे आडवे पट्टे. लहान मुलं बोट दाखवून हाच मासा मागतात. नर मोठा झाला की गडद होतो आणि टाकीतल्या बाकीच्यांचा जीव खातो. लहान टाकीसाठी मी तो कुणालाही सुचवणार नाही.

पायरी ४: पिवळ्यांचा घोळ

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे वेळ द्या.

इलेक्ट्रिक यलो म्हणजे लॅबिडोक्रोमिस सेरुलियस. मालावी सरोवरात या जातीचे बरेचसे मासे पांढरे किंवा निळसर असतात; आपल्याकडे विकला जाणारा पिवळा प्रकार लायन्स कोव्ह परिसरातला. याच्या पिल्लात तीन गोष्टी शोधा. अंग स्वच्छ लिंबासारखं पिवळं, त्यात नारिंगी झाक नाही. तोंड लहान आणि थोडं टोकदार. आणि पाठीच्या परात, कडेच्या जरा आत, पुढून मागपर्यंत जाणारी काळी रेघ. इंचभर पिल्लात ती पेन्सिलीने ओढल्यासारखी पुसट असते, पण दीड-दोन इंचांवर दिसायलाच हवी. मासा पर मिटून बसला असेल तर काही कळत नाही. थोडं थांबा, शेजारचा मासा अंगावर आला की तो पर ताठ करतो, तेव्हा बघा.

पर पूर्ण उघडला आणि त्यात काळं काहीच नाही, सगळा पिवळाच, तर पुढे दोन शक्यता. एक साउलोसी: पिल्लं आणि माद्या पिवळ्या, नर मात्र मोठा होताना निळा होऊन त्यावर गडद उभे पट्टे येतात. साडेतीन इंचांच्या आत राहणारा छान मासा, चुकून आला तरी तक्रार नको. दुसरा जोहान्नी: पिल्लू पिवळं-नारिंगी, नर पुढे गडद निळा, त्यावर फिक्या निळ्या आडव्या रेघा. हा साउलोसीपेक्षा बराच तापट. दोघांची पिल्लं वेगळी काढायची तर अंगाचा घाट बघा: साउलोसी आखूड, जोहान्नी लांबट, नळकांड्यासारखा. आणि टाकीतल्या मोठ्या पिल्लांकडे लक्ष द्या. एखाद्याच्या अंगावर निळं चढायला लागलं असेल, तर निळसर पट्टे उभे आहेत की आडवे, यावरून अख्ख्या टाकीचा निकाल लागतो.

तिसरी शक्यता बाजारात सर्रास आहे: इलेक्ट्रिक यलो आणि रेड झेब्रा यांचा संकर. दोघे एका टाकीत ठेवले की हे होतंच. अशा पिल्लाचं पिवळं किंचित संत्र्याकडे झुकतं, पाठीच्या परातली काळी रेघ तुटक किंवा एखाद्याच तुकड्यापुरती, डोकं बोथट, अंगावर तिरप्या उजेडात उभ्या पट्ट्यांची सावली. मासा म्हणून तो वाईट नसतो. दिसायला कधीकधी शुद्ध माशापेक्षा भडक असतो. फक्त त्याची पिल्लं इलेक्ट्रिक यलो म्हणून पुढे विकू नका, नाहीतर हा घोळ आणखी वाढतो.

पायरी ५: निळे आणि उभ्या पट्ट्यांचे

डेमासोनी लहानपणापासून आहे तसाच राहतो: गडद, जवळजवळ काळे आणि फिके निळे उभे पट्टे, पोट आणि पोटाचे परही काळपट. केन्यीचं पिल्लू फिकं, जांभळट निळं. पट्टे कमी गडद, पर उजळ. केन्यीचा नर पुढे पिवळा होतो, म्हणजे साउलोसीच्या बरोबर उलट. डेमासोनी तीन इंचांवर थांबतो, केन्यी पाचच्या पुढे जाऊ शकतो आणि त्याचा स्वभाव कुप्रसिद्ध आहे. दोघांच्या किमतीतही फरक असतो, त्यामुळे केन्यी डेमासोनीच्या भावात खपवला जात नाहीये ना, हे बघणं तुमच्या फायद्याचं.

मैंगानो आणि जोहान्नीचा नर, दोघेही निळे आणि आडव्या पट्ट्यांचे. पण जोहान्नीचं लहान पिल्लू निळं नसतं. इंचभर पिल्लू आडव्या पट्ट्यांसकट निळं असेल तर मैंगानोकडे कौल जातो.

पायरी ६: करडी पिल्लं, आणि लवकर रंगलेली पिल्लं

पीकॉक आणि हॅप या मालावीच्याच दोन गटांतली पिल्लं करडी असतात, अंगावर उभे पुसट पट्टे. त्यांच्या माद्या आयुष्यभर तशाच राहतात आणि वेगवेगळ्या पीकॉक जातींच्या माद्या एकमेकींपासून वेगळ्या करणं जवळपास अशक्य. म्हणून 'सनशाइन पीकॉकची जोडी' म्हणून दीड इंची पिल्लं कोणी देत असेल, तर त्यातल्या मादीचं नाव विक्रेत्याच्या विश्वासावरच घ्यावं लागतं.

पीकॉक गटाची एक पक्की खूण आहे. या माशांच्या खालच्या जबड्यावर आणि गालावर मोठी छिद्रं असतात. वाळूत लपलेल्या किड्यांची हालचाल त्यांना यातून कळते. दीड-दोन इंचांच्या पिल्लात टॉर्चच्या उजेडात हनुवटीखाली टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसतात. खड्डे नसतील आणि तोंड मोठं, पुढे निघालेलं असेल, तर तो हॅप, आणि कदाचित मासेखाऊ. पिवळट अंगावर जिराफासारखे तपकिरी ठिगळं असतील तर व्हेनुस्टस किंवा लिव्हिंगस्टोनी. व्हेनुस्टस दहा इंचांपर्यंत जातो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो.

आता उलटी गोष्ट. दीड इंचाची टाकीभर पीकॉक पिल्लं, सगळीच निळी-लाल रंगलेली, एकही करडं नाही. हे नैसर्गिक नाही. पीकॉकचे नर साधारण अडीच-तीन इंचांच्या सुमारास रंगायला लागतात आणि सगळी पिल्लं नर नसतात. खाद्यातून मिथिल टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक दिलं की माद्यांनाही रंग येतो. ते बंद झालं की काही आठवड्यांत रंग उतरतो, आणि अशी मादी पुढे अंडी घालेलच असं नाही. ओबी पीकॉक, ड्रॅगन ब्लड वगैरे माणसाने तयार केलेले प्रकार आहेत. ते आवडले तर जरूर घ्या, पण सरोवरातल्या कुठल्या जातीशी जुळवत बसू नका.

पायरी ७: अमेरिकेतले

ग्रीन टेरर म्हणून ब्लू अकारा किंवा ब्लू अकारा म्हणून ग्रीन टेरर, ही अदलाबदल नेहमीची. दोघांनाही गुदपरात ३ काटे, त्यामुळे मोजणी इथे कामाची नाही. टेररच्या पिल्लात शेपटीची आणि पाठीच्या पराची कड पांढरी किंवा नारिंगी उठून दिसते. अकारात ती एवढी ठळक नसते. स्वभावात दोघांचं अजिबात जुळत नाही, म्हणून ही कड नीट बघा. जॅक डेम्प्सीचं करडं पिल्लू यांत मिसळलं असेल तर मात्र काटे मोजले की लगेच बाहेर निघतं.

रेड डेव्हिल, मिडास आणि फ्लॉवरहॉर्नची लहान पिल्लं करडी, पट्टेरी. रंग बदलायला महिने लागतात, कधी वर्षं. निकाराग्वाच्या सरोवरांत बहुतेक मिडास आयुष्यभर करडेच राहतात, त्यामुळे 'लाल होणारच' ही हमी कोणी देत असेल तर फुकटची आहे. फ्लॉवरहॉर्न हा मुळातच संकर. त्यात जात शोधण्यात अर्थ नाही, आईबापांचे फोटो मागा.

पायरी ८: विचारायचं काय

'हे ओरिजिनल आहे ना?' हा प्रश्न विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी विचारा: याच लॉटमधले मोठे मासे आहेत का? पिल्लं तुमच्याकडची की बाहेरची? आईबाप कुठे बघायला मिळतील? घरी पिल्लं काढणारा माणूस आईबाप दाखवतो, आणि आईबाप दिसले की वरच्या निम्म्या पायऱ्यांची गरज उरत नाही.

पायरी ९: घरी, वाढताना

पिल्लं आणल्यावर आठवडाभर त्यांना स्थिरावू द्या आणि मग प्रत्येकाचा डाव्या बाजूचा फोटो काढा, पर उघडलेले असताना, दिवे लागल्यानंतर तासाभराने. सकाळी दिवे लागताना पट्टे जास्त गडद दिसतात, तेव्हाचा फोटो फसवतो. दर महिन्याला तसाच फोटो, त्याच टाकीत, त्याच उजेडात. तीन-चार फोटो शेजारी ठेवले की रंग कुठून चढतोय आणि पट्टे कुठे पुसतायत ते दिसतं. ओळख विचारायला कुणाला फोटो पाठवायचा तर त्यात गुदपर आणि पाठीचा पर दिसलाच पाहिजे. तोंडाचा क्लोजअप सुंदर असतो, पण त्यावरून जात सांगता येत नाही.

पाण्याचाही विचार याच काळात करा. दख्खनच्या बोअरचं जड पाणी मालावीच्या माशांना सहसा मानवतं. मुंबईचं तलावांतून येणारं पाणी मऊ असतं, तिथे मालावीसाठी टाकीत कोरल किंवा शिंपल्यांचा चुरा घालावा लागतो. उलट अमेरिकन समजून घेतलेलं पिल्लू मालावीचं निघालं, तर त्याची तब्येत मऊ पाण्यात हळूहळू ढासळते आणि दोष खाद्याला दिला जातो.

मासा नको असलेला निघाला तर दुकानात परत द्या, एखाद्या मोठ्या टाकीवाल्याला द्या. बरेच दुकानदार मोठा झालेला मासा बदलून घेतात, पैसे देत नाहीत एवढंच. तलावात, खाणीच्या पाण्यात किंवा नदीत सोडू नका. उजनीत चिलापीने काय केलं ते तिथल्या कोणत्याही मच्छीमाराला विचारा.