गोगलगायीच्या पेटीतली उष्णता आणि ओल कशी मोजावी, कशी सांभाळावी

गोगलगाय पाळण्याबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतलं असतं. पेटीला हीट मॅट लावा, थंडीत ऊब द्या, वगैरे. ब्रिटनमधल्या घरात ते ठीक. पुण्यात एप्रिलच्या दुपारी पारा ३८-३९ वर जातो आणि हवा पापड वाळवण्याइतकी कोरडी असते. आपल्यापुढचा प्रश्न उलटा आहे: पेटी गार कशी ठेवायची आणि ओल उडून जाण्यापासून कशी वाचवायची. लेकीने बागेतून गोगलगाय उचलून आणली तेव्हा पहिले काही महिने मीही अंदाजानेच पाणी शिंपडत होतो. मेमध्ये ती शंखात शिरली, तोंडावर पांढरा पडदा ओढून बसली, आणि मग मी मीटर आणला.

आधी गोगलगाय कोणती ते बघा. पावसाळ्यात कुंड्यांवर, कंपाउंडच्या भिंतीवर दिसणारी मोठी, तपकिरी पट्ट्यांची गोगलगाय बहुधा आफ्रिकन शंखी गोगलगाय असते. ती इथली नव्हे. १८४७ साली बेन्सन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली, आणि तिथून ती पसरत गेली. २०२२ मध्ये लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीनचे कोवळे कोंब तिने फस्त केले. म्हणून कंटाळा आला तरी तिला बाहेर सोडायचं नाही, अंडी कुंडीत टाकायची नाहीत, झाकण घट्ट हवं. तिच्या अंगात माणसाला अपाय करणारे कृमी असू शकतात, त्यामुळे हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. तिला साधारण २२ ते २७ अंश सेल्सिअस तापमान आणि ७५ ते ९० टक्के आर्द्रता मानवते. पुढचे आकडे तिच्यासाठीच आहेत.

मीटर घेताना

तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा डिजिटल मीटर घ्या. इथे एक फसगत हमखास होते. वायर असलेल्या अनेक स्वस्त मीटरमध्ये वायरच्या टोकाला फक्त तापमान मोजलं जातं, आर्द्रतेचा सेन्सर मात्र डब्यातच असतो. वायर पेटीत आणि डबा बाहेर ठेवला तर तुम्ही पेटीतली नव्हे, आपल्या बैठकीच्या खोलीतली आर्द्रता वाचत बसता. मी तीन आठवडे तेच केलं. असा मीटर असेल तर सगळा डबाच आत ठेवावा लागतो. दिवसभरातलं किमान-कमाल लक्षात ठेवणारा मीटर मिळाला तर तोच घ्या.

मिठाची परीक्षा

गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते खरं तर या मीटरला लागू आहे. दिसायला सरळ, आकडा मात्र सात-आठ टक्क्यांनी चुकीचा. तपासायला बाटलीचं झाकण घ्या, त्यात मीठ भरा आणि थेंबथेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करा, विरघळू देऊ नका. झाकण आणि मीटर एका झिप पिशवीत घट्ट बंद करून रात्रभर खोलीत ठेवा. ओल्या मिठावरच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी मीटर ६९ दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वाचनात ६ मिळवा, आणि ते मीटरच्या पाठीवर पट्टी चिकटवून लिहून ठेवा. हे सगळं पेटीपासून लांब करा आणि हात धुऊनच पेटीत घाला. मिठाने गोगलगाय मरते.

मीटर कुठे लावायचा

मातीपासून चार बोटं वर, पेटीच्या मधल्या भागात, भिंतीला टेकून. झाकणाजवळ लावला तर वाफेमुळे आकडा उगाच वाढतो. पाण्याच्या फवाऱ्याच्या वाटेतही नको, सेन्सर एकदा भिजला की कितीतरी वेळ ९९ वरच अडून बसतो. गोगलगाय मीटरवर चढणार आणि चिकट पाणी लावून जाणार हे धरून चाला. मी प्लास्टिकच्या जाळीचा छोटा पिंजरा करून त्यात मीटर बसवला.

वही

पहिले दहा दिवस सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री दहा वाजता दोन्ही आकडे लिहा. दुपारचं वाचन चुकवू नका, पेटीची खरी परीक्षा तेव्हाच असते. कारण सोपं आहे. २० अंशांना एका घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम वाफ मावते, ३० अंशांना ३० ग्रॅम. म्हणजे सकाळी २० अंशांना ९० टक्के दाखवणारी हवा, तिला नवी ओल मिळाली नाही तर, दुपारी ३० अंशांना जेमतेम ५० वर येते. पाणी कुठे सांडलं नाही, कुणी प्यायलं नाही, फक्त हवेचं पोट मोठं झालं. हे कळल्यावर मी आधी तापमान बघायला लागलो आणि आर्द्रता नंतर.

आकडा बिघडला तर

ओल धरून ठेवायचं काम फवाऱ्याचं नाही, खालच्या थराचं. सात-आठ सेंटिमीटर कोकोपीट घाला. आधी ते दोन-तीन पाण्यांत धुवा, नारळाच्या काथ्यात मीठ असू शकतं. मुठीत दाबलं की लाडू वळला पाहिजे आणि एखाद-दुसराच थेंब पडला पाहिजे. धार लागली तर फार ओलं. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग वापरा.

तापमान २८ च्या वर जाऊ लागलं की पेटी खिडकीपासून हलवा. काचेच्या पेटीवर ऊन पडलं तर अर्ध्या तासात आत भट्टी होते. घरातली सर्वांत गार जागा म्हणजे बहुधा खालची फरशी. पुणे, नगर, नागपूर अशा कोरड्या हवेच्या गावांत पेटीभोवती ओलं फडकं गुंडाळा आणि पंख्याचा मंद वारा त्यावर येऊ द्या. माठातलं पाणी गार होतं तसंच हे. मुंबई-कोकणात ही युक्ती फारशी चालत नाही, हवेतच इतका दमटपणा असतो की फडकं वाळतच नाही. तिथे बर्फाची बाटली टॉवेलात गुंडाळून पेटीच्या बाहेर एका बाजूला टेकवा. एकाच बाजूला, म्हणजे गोगलगायीला हवी ती जागा निवडता येते. एसीने गारवा येतो पण हवा कोरडी होते, तेव्हा त्या दिवशी ओल जास्त जपावी लागते.

थंडीत पुण्यात रात्री पेटीवर जाड चादर टाकली की भागतं.

जुलै-ऑगस्टमध्ये सगळं उलटतं. आर्द्रता न मागता ९० च्या वर, काचेवर थेंब, कोकोपीटवर पांढरी बुरशी, बारीक माश्या. आता पाणी शिंपडणं बंद करा, झाकणाची भोकं मोकळी करा आणि उरलेली काकडी रोज सकाळी काढून टाका.

मीटर ठीक दाखवत असेल आणि गोगलगाय मात्र सतत झाकणाला चिकटून बसत असेल, तर माती फार ओली आहे का ते बघा. ती शंखात खोल गेली असेल आणि तोंडावर पडदा आला असेल, तर बहुधा आत कोरडं किंवा फार गरम झालंय. पडदा नखाने फोडू नका. आधी पेटीचे आकडे जागेवर आणा, मग तिला ओल्या कोकोपीटवर ठेवून शंखाच्या तोंडाशी कोमट पाण्याचे चार थेंब सोडा. आमच्या बाईसाहेबांनी दुसऱ्या दिवशी रात्री शिंगं बाहेर काढली आणि सरळ समुद्रफेसाकडे, म्हणजे कॅल्शियमसाठी पेटीत ठेवलेल्या माकुळाच्या पांढऱ्या हाडाकडे, निघाल्या.