कमी दिवसांच्या बाळाच्या दातांची तयारी, डिस्चार्जपासून पहिल्या पक्क्या दाढेपर्यंत

एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, बाळ घरी येतं तेव्हा हातात जाडजूड फाइल असते आणि तिच्यात पुढच्या तारखाच तारखा. डोळ्यांची आरओपी तपासणी, कानांची बेरा टेस्ट, डोक्याची सोनोग्राफी, लसी, आयर्नचे थेंब, व्हिटॅमिन डी, आणि दर आठवड्याला वजन. दातांबद्दल मात्र त्यात बहुतेक वेळा काही लिहिलेलं नसतं, आणि आपल्यालाही विचारायचं सुचत नाही कारण दात कुठेत अजून! पण हिरडीच्या आत ते तयार होतच असतात, आणि लवकर जन्माचा जो काही परिणाम त्यांच्यावर व्हायचा असतो त्यातला बराचसा दात दिसायच्या आधीच होऊन गेलेला असतो. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या आईबाबांनी दातांची तयारी दात आल्यावर नाही, घरी आल्या आल्या सुरू करायची. माझी लेक प्रीटर्म, म्हणजे दिवस भरायच्या आधी जन्मलेली, त्यामुळे यातलं बरंच काही मी तिच्या डॉक्टरांना विचारून विचारून जमवलंय, ते सगळं एका जागी लिहून ठेवते.

आधी कारण थोडक्यात, म्हणजे पुढचं का करायचं ते कळेल. दुधाच्या दातांचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, पोटात असताना साधारण चौथ्या महिन्यापासून बनायला लागतं. समोरच्या दातांचं बरंचसं जन्मापर्यंत होतं, मागच्या दाढांचं जन्मानंतरही काही महिने चालू राहतं. आणि आईकडून बाळाला कॅल्शियम-फॉस्फरस सगळ्यात जास्त कधी मिळतं तर शेवटच्या तीन महिन्यांत, नेमका तोच काळ या बाळांचा हुकतो. त्यात श्वासाचा त्रास, इन्फेक्शन, सलाइनवरचं पोषण. इनॅमल बनवणाऱ्या पेशी अशा दिवसांत नीट काम करू शकत नाहीत आणि दात बाहेर येईपर्यंत त्या पेशी उरतच नाहीत, त्यामुळे मोडलेलं हाड जसं भरून येतं तसं इनॅमल भरून येत नाही. जे पातळ राहिलं ते पातळच, त्याला सांभाळायचं. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांमध्ये असे डाग, खड्डे, पातळ इनॅमल जास्त दिसतं आणि जितकं लवकर जन्मलेलं, जितकं कमी वजनाचं बाळ तितकी शक्यता जास्त. प्रत्येकाला होतंच असं नाही, हेही लक्षात ठेवा.

तर पहिलं काम, डिस्चार्ज कार्ड घेऊन बसा आणि एका कागदावर पाच-सहा गोष्टी उतरवा: कितव्या आठवड्यात जन्म, वजन किती, व्हेंटिलेटरची नळी होती का, तोंडातून की नाकातून आणि किती दिवस, दुधाची नळी किती दिवस, कावीळ कितपत वाढलेली, हृदयाचा काही प्रॉब्लेम निघालेला का. त्या कागदाचा फोटो फोनमध्ये ठेवा, आईच्या आणि बाबांच्या दोघांच्याही. डेंटिस्टकडे गेल्यावर हे कुणी आपणहून विचारेलच असं नाही आणि आपल्यालाही वाटतं दाताचा नि याचा काय संबंध, पण संबंध आहे, आणि चांगलाच आहे. उदाहरण देते. नळी घालताना डॉक्टर लॅरिंगोस्कोप नावाचं उपकरण डाव्या हातात धरतात आणि त्या पात्याचा दाब बाळाच्या वरच्या हिरडीवर येऊ शकतो, जास्त करून डाव्या बाजूला. आत दाताची कळी अगदी नाजूक अवस्थेत असते. माझ्या लेकीचा वरचा डावा समोरचा दात आला तेव्हा त्याच्यावर खडूसारखा पांढरा पट्टा होता आणि पट्ट्याच्या मधे पिवळट खळगा, नख फिरवलं तर खरखरीत लागायचा, शेजारचा उजवा दात मात्र गुळगुळीत. डेंटिस्टबाईंनी बघताक्षणी विचारलं, हिला तोंडातून नळी होती का? ती नळी होती म्हणून आज ती आहे, त्यामुळे त्या डागाबद्दल माझ्या मनात कसलीही तक्रार नाही, पण कारण कळलं आणि जपायला कुठला दात जास्त जपायचा तेही कळलं. काविळीचंही तसंच, बिलिरुबिन खूप दिवस खूप वाढलेलं राहिलं असेल तर दुधाचे दात हिरवट दिसू शकतात. तो रंग आतला असतो, घासून जात नाही, म्हणून घासत बसू नका.

दुसरी तयारी कॅलेंडरची. दात कधी येणार ते जन्मतारखेवरून मोजायचं नाही, करेक्टेड वयावरून मोजायचं. ४० मधून जन्माचे आठवडे वजा करा, जे येतील तेवढे आठवडे बाळाच्या वयातून कमी करा. ३० आठवड्यांचं बाळ असेल तर १० आठवडे कमी, म्हणजे ते ९ महिन्यांचं झालं तरी दातांच्या हिशोबाने पावणेसात महिन्यांचंच. असं मोजलं की बहुतेक मुलांचे दात वेळेतच येतात असं दिसतं, पहिला खालचा दात साधारण ६ ते १० महिन्यांत आणि सगळे २० अडीच-पावणेतीन वर्षांपर्यंत. शेजारच्या बाळाशी तुलना करायला येणाऱ्या मावशी-काकूंना हाच हिशोब प्रेमाने सांगायचा. आणि वरचा दात आधी आला तर मामावर संकट वगैरे म्हणतात, त्याला कसलाही आधार नाही, मामाला निवांत राहू द्या. फक्त एक लक्षात ठेवा, डेंटिस्टकडे जायची तारीख मात्र करेक्टेड वयाने पुढे ढकलायची नाही, त्याबद्दल खाली लिहिते.

तिसरं म्हणजे बाळाच्या तोंडाला चांगल्या स्पर्शाची सवय, आणि माझ्या मते यादीतलं हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं हे तिन्ही एकत्र जमायला साधारण ३४ आठवडे उजाडतात, त्याआधी बाळ नळीवर, मग वाटी-चमच्यावर किंवा पलाडईवर (चोच असलेल्या छोट्या वाटीवर) असतं. त्या काळात तोंडाशी येणारी प्रत्येक गोष्ट त्रासाचीच असते, नळी, सक्शन, चिकटपट्टी. मग घरी आल्यावर ओठाला बोट लागलं तरी काही बाळं तोंड फिरवतात, पुढे घट्ट अन्न नको, ब्रश तर बघायलाच नको. म्हणून कांगारू केअर करताना (बाळाला उघड्या छातीशी धरताना), अंगावर घेताना, स्वच्छ हाताने गाल, ओठ, हनुवटी हळूहळू कुरवाळायची, मग काही दिवसांनी ओठांच्या आत, मग हिरडीवरून बोट फिरवायचं, बाळ नाही म्हणालं की थांबायचं, उद्या परत. जबरदस्ती अजिबात नको. दूध पिऊन झालं की उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेला गॉज किंवा मऊ सुती फडका बोटाला गुंडाळून हिरड्या अलगद पुसल्या तरी चालतात, त्यातून सवयही लागते. बाळ तोंडाला हातच लावू देत नसेल, खोकत-गुदमरत असेल तर फीडिंग थेरपिस्टला किंवा स्पीच थेरपिस्टला लवकर दाखवा, मोठं झाल्यावर होईल नीट म्हणून वाट बघू नका.

आता स्वयंपाकघर आणि औषधांचं कपाट. मध पहिल्या वर्षात नाही म्हणजे नाही, बोटाला लावून चाटवायलाही नाही, त्याने बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, आणि या बाळांना तर कसलीच रिस्क नको. घुटी, ग्राइप वॉटर, चोखणीला साखर, हे सगळं बंद. आजीला वाईट वाटू नये म्हणून मालिश आणि टाळू भरायचं काम पूर्ण त्यांच्याकडे द्या, ते त्या आपल्यापेक्षा चांगलं करतात. घरात कुणी मिश्री लावत असेल तर तो हात बाळाच्या हिरडीला लागता कामा नये, त्यात तंबाखू असते. आयर्नचे थेंब दातांवर काळपट डाग पाडतात, ती कीड नाही, वरवरचा रंग असतो आणि डेंटिस्ट तो साफ करून देऊ शकतात, म्हणून डागांच्या भीतीने आयर्न बंद करू नका, गालाच्या आत मागच्या बाजूला ड्रॉपरने सोडा आणि नंतर पुसून घ्या. गोड सिरपचंही तसंच, झोपवताना शेवटचं सिरप दिलं तर त्यानंतर तोंड पुसायचं. वारंवार सिरप लागत असेल तर बिनसाखरेचं मिळतं का ते डॉक्टरांना विचारा.

रात्रीच्या दुधाचा प्रश्न या बाळांच्या बाबतीत अवघड आहे आणि तो अवघड आहे हे कुणीतरी मान्य करायला हवं. दंतवैद्य म्हणतात झोपेत बाटली नको, बालरोगतज्ज्ञ म्हणतात वजन वाढवा, दर दोन-तीन तासांनी पाजा, आणि मधे आई. वजन आधी, हे नक्की, डॉक्टरांनी सांगितलेलं एकही फीड दातांसाठी कमी करू नका. पण बाटली तोंडात ठेवून झोपवणं टाळता येतं, पाजून झाल्यावर पुसणं जमतं, दुधात साखर घालणं टाळता येतं, आणि दात आल्यावर व वजन मार्गाला लागल्यावर बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारता येतं की रात्रीचं फीड आता कधीपासून कमी करू. वर्षाच्या आसपास बाटलीकडून कपाकडे जायचा प्रयत्न सुरू करा.

पहिला दात टोकाने दिसला की त्याच दिवसापासून ब्रश. लहान डोक्याचा, मऊ, दिवसातून दोनदा, आणि रात्रीचा चुकवायचा नाही. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. पाकिटावर फ्लोराइड किती पीपीएम आहे ते वाचा, लहान मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्टमध्ये कधी ते नसतंच, आणि पातळ इनॅमलवाल्या मुलांना तर फ्लोराइडची गरज जास्त असते. आपल्याकडे पेस्टमध्ये कमाल १००० पीपीएमची मर्यादा आहे, १०००च्या आसपासची पेस्ट घ्या. पण तुम्ही चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या अशा गावात राहत असाल जिथे बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तर पेस्ट आणि पिण्याचं पाणी दोन्हीबद्दल आधी डेंटिस्टला विचारून घ्या.

पहिली डेंटल व्हिजिट पहिला दात आल्यावर सहा महिन्यांच्या आत किंवा पहिल्या वाढदिवसापर्यंत, जे आधी येईल ते. दात आलेच नसतील तरी पहिल्या वाढदिवसाला जायचंच. लहान मुलांचे डेंटिस्ट, म्हणजे पीडोडॉन्टिस्ट मिळाले तर उत्तम. खासगी परवडत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची सरकारी डेंटल कॉलेजं, मुंबईत नायर डेंटल, गोव्यात बांबोळीचं डेंटल कॉलेज, सगळीकडे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी, म्हणजे मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र, असेल तर तिथेही विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या दातांची तपासणी येते, आणि तो कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. तपासणीची भीती नको. डॉक्टर आणि आई समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात, बाळाचे पाय आईच्या कमरेशी, डोकं डॉक्टरांच्या मांडीवर, बाळ आईचा चेहरा बघत राहतं आणि डॉक्टर वरून ओठ उचलून एक-दोन मिनिटांत बघून घेतात. बाळ रडतं, आणि रडताना तोंड उघडं मिळतं त्यामुळे काम लवकर होतं. तेव्हा विचारायचे प्रश्न लिहून न्या: इनॅमल कसं आहे, फ्लोराइड व्हार्निश (दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप) लावायचं का आणि दर किती महिन्यांनी, परत कधी यायचं. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा प्रॉब्लेम असेल तर कुठल्याही ट्रीटमेंटच्या आणि भूल द्यायच्या आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी डेंटिस्टचं बोलणं करून द्या.

घरी महिन्यातून एकदा ओठ उचलून बघा. खिडकीजवळ, उजेडात, वरचे चार दात हिरडीच्या कडेला. तिथे पांढरी खडूसारखी रेघ नव्याने दिसायला लागली तर ती कीड सुरू व्हायची खूण असू शकते, तपकिरी होईपर्यंत थांबू नका, या टप्प्यावर व्हार्निशने बऱ्याचदा सावरता येतं. आणि दुधाचे दात पडणारच आहेत हे वाक्य घरात कुणी म्हणालं तर सांगा की मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात, त्यांच्यावर जेवण अवलंबून असतं, आणि आधीच वजन न वाढणाऱ्या मुलाला दाढ दुखून जेवता न येणं परवडणारं नाही.

घरातल्या मोठ्यांनीही स्वतःचे किडके दात दुरुस्त करून घ्या, कारण कीड करणारे जंतू लाळेतून बाळाकडे जातात, चमचा चाटून भरवणं बंद. आणि आयांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. गरोदरपणात हिरड्या खराब असल्या की बाळ लवकर होतं असं वाचून अनेकजणी स्वतःला दोष देत बसतात. दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात हे खरंय, पण हिरड्यांचा उपचार करून लवकर होणारं बाळंतपण टळतं असं मोठ्या चाचण्यांमधून सिद्ध झालेलं नाही. तुमच्यामुळे झालं नाही हे. पुढच्या खेपेला दात आधी दाखवून घ्या, गरोदरपणातही उपचार करता येतात, पण ते तुमच्या स्वतःसाठी.

पुढच्या वर्षांसाठी दोनच नोंदी. तोंडातून नळी बरेच दिवस असेल तर तोंडाच्या आतल्या टाळूला मधोमध खोल खाच किंवा उंच अरुंद आकार राहू शकतो, वाढीबरोबर तो बऱ्याचदा कमी होतो, पण वरचे दात खालच्यांच्या आत बसतायत, तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, काही उच्चार जमत नाहीयेत असं वाटलं तर दाखवा, आणि चोखणी तीन वर्षांच्या आत सुटायला हवी. दुसरी नोंद सहाव्या वर्षाची. त्या सुमाराला सगळ्यात मागे, एकही दात न पडता, पहिली पक्की दाढ येते, आणि दुधाचीच समजून तिच्याकडे कुणी बघत नाही. ती दाढ बनायला सुरुवात होते ती जन्माच्या आसपास, म्हणजे आपल्या बाळांच्या एनआयसीयूच्या दिवसांच्या जवळपास, त्यामुळे तिच्यावर पिवळे-तपकिरी डाग, थंड लागलं की ठणका, ब्रश लावू न देणं असं काही दिसलं तर लगेच डेंटिस्टकडे. काही नसलं तरी दाढ पूर्ण वर आली की खाचांमध्ये सीलंट (खाचा बुजवणारा पातळ थर) भरून घ्यायचं का ते विचारा. फोनमध्ये पाचव्या वाढदिवसाचा रिमाइंडर लावून ठेवा, आणि तो डिस्चार्ज कार्डावरून उतरवलेला कागद तेव्हाही सोबत न्या.