अंजनेरी फक्त पावसाळ्यापुरता ठेवू नका

नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला वीसेक किलोमीटरवर अंजनेरी. बरेच जण श्रावणात एकदा जाऊन येतात आणि वर्षभर विसरतात. पाऊस ओसरताना पठारावर रानफुलं फुलतात. या डोंगराच्याच नावाची सेरोपेजिया अंजनेरिका ही दुर्मीळ वनस्पतीही इथलीच, म्हणून पायवाट सोडून चादर पसरू नका, कृपा करून. माझा आवडता काळ मात्र डिसेंबर-जानेवारी: उजाडताच चढायला लागा, हवा स्वच्छ असते, ब्रह्मगिरी समोर स्पष्ट दिसतो. कानटोपी हवीच. मे महिन्यात माणशी तीन लिटर पाणी घ्या, दहाच्या आत खाली उतरा, वाटेत करवंदं खा. याच भागातल्या हरिहर किल्ल्याच्या उभ्या कातळपायऱ्या मात्र भर पावसात टाळा. ओल्या दगडावर पाय घसरतो आणि गर्दीत मागे फिरायला जागा नसते.